युनिट नाही तर मार्क नाही

शिकवणाऱ्या माणसाजवळ इतके किस्से कुठून येतात, असं मला नेहमी विचारतात. उत्तर साधं आहे. आपण शिकवलेलं मुली वर्षभरात विसरतात, पण त्यांनी पेपरात लिहिलेलं आपल्याला जन्मभर आठवतं. मी बेंगळूरच्या बसवनगुडीत मुलींच्या हायस्कुलात फिजिक्स शिकवत होते. त्या वर्षांतलं फिजिक्स आज मला कुणी विचारू नये. किस्से मात्र कधीही विचारा.

मी मूळची बेळगावची. लग्न झाल्यावर यांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे बेंगळूरला आले. छप्पन-सत्तावन्नचा सुमार असेल. आमच्या घराजवळच्या मुलींच्या शाळेत तेव्हा नुकतंच फिजिक्स सुरू होत होतं आणि त्यांना बाईच हवी होती. बी.एस्सी. झालेली बाई त्या भागात मी एकटीच निघाले. इंटरव्ह्यूत हेडमिस्ट्रेसनी दोनच प्रश्न विचारले. फिजिक्स नीट येतं का, आणि कन्नड नीट येतं का. मी दोन्हींना हो म्हटलं. त्यातलं कन्नड खरोखर येत होतं.

तेही बेळगावचं. पहिल्याच तासाला मी तोंड उघडलं आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. त्यांच्या कानाला माझं कन्नड म्हणजे बाजारात भांडायला उभ्या राहिलेल्या बाईचं वाटत असावं. मुलींना धाक बसला तो त्यामुळेच, फिजिक्समुळे नाही.

*

धाक आणखी पक्का करावा म्हणून मी पहिल्या दिवशी फळ्यावर नियम लिहिले. मला वाटायचं, चांगल्या शिक्षिकेची ओळख तिच्या नियमांवरून होते. उत्तरापुढे युनिट नाही तर मार्क नाही. पायऱ्या न दाखवता नुसतं उत्तर लिहिलं तर ते शेजारणीचं समजलं जाईल. जर्नल उशिरा दिलं तर निम्मे मार्क. एकदा दिलेले मार्क बदलले जाणार नाहीत. असे बरेच होते. शेवटी खडू ठेवून मी इंग्रजीत म्हणाले, "दीज आर द लॉज ऑफ धिस क्लास."

पुढे चाचणी परीक्षा आली. पहिलाच प्रश्न गतीचे नियम लिहा असा होता. तुंगा नावाच्या मुलीनं उत्तर लिहिलं होतं, "पहिला नियम : युनिट नाही तर मार्क नाही. दुसरा नियम : पायऱ्या नसलेलं उत्तर शेजारणीचं समजावं. तिसरा नियम : उशिरा दिलेल्या कामाला निम्मे मार्क."

मी शून्य दिलं आणि तो पेपर स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. सगळ्या हसल्या. आमच्या कन्नडच्या शारदम्मा तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी पेपर हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, "यात चूक कुठली?"

"अहो, हे न्यूटनचे नियम आहेत का?"

"नाहीत. पण बाकीच्या मुलींना न्यूटनचे तरी आलेत का?"

मी गठ्ठा चाळला. न्यूटनचे धड कुणालाच आले नव्हते. माझे मात्र तुंगानं न चुकता, क्रमानं लिहिले होते.

*

युनिटच्या नियमाचा मला फार अभिमान. त्या वर्षांत फूट-पौंड जाऊन सेंटिमीटर-ग्रॅम येत होते. पुस्तकात एक आणि बाजारात दुसरं चाललेलं. त्यामुळे युनिट लिहायलाच हवं, असं मी ठणकावून सांगायचे. नुसता आकडा दिसला की लाल शाईनं शेजारी लिहायचे, "बत्तीस काय? आंबे?"

एका संध्याकाळी शाळा सुटताना एक गृहस्थ भेटायला आले. काळा कोट, हातात छत्री. वकील होते. रुक्मिणी नावाच्या विद्यार्थिनीचे वडील. मार्कांची तक्रार असणार म्हणून मी आधीच ताठ बसले.

"मार्कांबद्दल माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "तुम्ही कापलेत ते बरोबरच असतील. पण घरात राहणं कठीण झालंय."

"का, काय झालं?"

"मी सांगतो, सहाला घरी ये. ती विचारते, सहा काय? तिची आई सांगते, दोन वाढ. ती विचारते, दोन काय? परवा माझ्या आईला वैद्य बघायला आले. त्यांनी सांगितलं, दिवसातून तीन घ्या. ही मध्येच म्हणाली, तीन काय? वैद्यांना वाटलं आपल्यावर अविश्वास दाखवतायत. ते उठून गेले."

मी म्हटलं, तिला समजावते.

"समजावू नका," वकीलसाहेब हात जोडून म्हणाले. "समजावलं म्हणूनच हे झालंय. तिला मार्क द्या आणि आम्हाला सोडा."

मी घरी आले. आम्ही चामराजपेटेत एका जुन्या मराठी कुटुंबात भाड्यानं राहत होतो. घरमालकीणबाईंना सगळे अक्का म्हणत. त्यांच्या घराण्यानं महाराष्ट्र सोडून कित्येक पिढ्या झाल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत अर्धं कन्नड असायचं. अक्का चुलीपुढून म्हणाल्या, "आलीस काय ग? त्या डब्यातनं चार काढून दे बघू."

माझ्या तोंडून निघून गेलं, "चार काय?"

अक्कांनी वळून माझ्याकडं बघितलं. "शाळंत हेच शिकवायला जातीस होय रोज?"

*

तरंगण्याचा धडा शिकवायचा होता. कॉलेजात आम्ही हा प्रयोग अंड्यानं केला होता. साध्या पाण्यात अंडं बुडतं, मीठ घातलं की वर येतं. मी हेडमिस्ट्रेसकडे अंड्यांची मागणी केली. त्यांनी उठून खोलीचं दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "अंडं? या शाळेत?"

मग बटाट्यावर तडजोड झाली. बटाटाही साध्या पाण्यात बुडतो आणि मिठाच्या पाण्यात तरंगतो. मुलींनी चार-चारजणींचे गट केले, भांडी घेतली, मीठ घातलं, बटाटे वर आले. असा यशस्वी तास मी आयुष्यात घेतला नव्हता. मी खूष होऊन सगळ्यांना जर्नल लिहून आणायला सांगितलं.

जर्नलं तपासायला बसले आणि डोकं तापलं. मीठ किती घातलं या रकान्यात एकूण एक मुलीनं लिहिलं होतं, "स्वल्प." किती ग्रॅम नाही, किती चमचे नाही. स्वल्प म्हणजे थोडंसं. बेंगळुरात हा शब्द दिवसातून शंभर कामांना वापरतात. स्वल्प सरका, स्वल्प थांबा, स्वल्प चटणी वाढा. पण फिजिक्सच्या जर्नलमध्ये स्वल्प? मी प्रत्येकीचा एकेक मार्क कापला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात खरमरीत भाषण दिलं. विज्ञानात स्वल्प चालत नाही. मोजता येत नाही ते ज्ञान नाही. वगैरे.

भाषण संपल्यावर तुंगा उभी राहिली. "मिस, आम्ही तुम्हाला विचारलं होतं. मीठ किती घालू म्हणून."

"बरं, मग?"

"तुम्ही म्हणालात, स्वल्प घाला."

वर्गात कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मी सगळी जर्नलं परत मागवली आणि एकेक मार्क वाढवून दिला. दिलेले मार्क न बदलण्याचा माझा नियम त्या दिवशी पहिल्यांदा मोडला, आणि तो मी वर्गातल्या सगळ्यांसाठी एकदम मोडला.

*

लंबकाच्या प्रयोगात पृथ्वीच्या ओढीचा आकडा काढायचा असतो. पुस्तकात तो ९८१ दिलेला होता. मी नियम केला की ज्या मुलीचा आकडा ९८१ च्या जास्त जवळ, तिला जास्त मार्क. मला वाटलं, यानं मुली काळजीपूर्वक काम करतील.

मुलींनी काळजी घेतली. सगळ्या वर्गाचा आकडा ९८१ आला. ज्या गटाच्या लंबकाचा गोळा सुटून कपाटाखाली गेला होता आणि तास संपेपर्यंत सापडला नव्हता, त्यांचाही ९८१ आला.

त्याच सुमारास इन्स्पेक्टर शाळा तपासायला आले. त्यांनी जर्नलं बघितली आणि माझ्याकडे वळले. "मिस, फार सुंदर निकाल आहेत. पण हा आकडा सगळीकडे सारखा नसतो. बेंगळुरात तो साधारण ९७८ भरतो."

मला हे माहीत नव्हतं. चेहरा मात्र मी माहीत असल्यासारखा ठेवला. ते गेल्यावर मी घरून जुनं पुस्तक आणून बघितलं. त्यांचं बरोबर होतं.

पुढच्या वर्षी मी नियम बदलला. आकडा काहीही येऊ दे, मार्क प्रामाणिकपणाला मिळतील. जे मोजलंत तेच लिहा. मुलींना हे फारच आवडलं. एकीचा सहाशे आला, एकीचा चौदाशे. एका गटाचा उणे आला, म्हणजे त्यांच्या टेबलावर वस्तू खाली पडण्याऐवजी वर जात असणार. मी त्यांना बोलावून विचारलं, "हे तुम्हाला बरोबर वाटतं?"

"बरोबर नाही मिस," त्यांची पुढारीण म्हणाली, "पण प्रामाणिक आहे."

नियम माझाच होता. मी पूर्ण मार्क दिले.

तेच इन्स्पेक्टर पुन्हा आले. त्यांनी जर्नलं चाळली, बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं आणि हेडमिस्ट्रेसना म्हणाले, "मागच्या वर्षीच्या मुली बऱ्या होत्या."

*

एका वर्षी जुलैतल्या चाचणीला मी असा पेपर काढला की अर्धा वर्ग नापास झाला. पालकांची रांग लागली. हेडमिस्ट्रेसनी मला बोलावलं. मी म्हणाले, मुलींनी अभ्यास केलेला नाही, पेपर सोपा होता. अगदी दोन तासांत आरामात होण्यासारखा.

"असं?" त्या म्हणाल्या. "मग शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही सोडवून दाखवा. म्हणजे पालकांना मला तसं सांगता येईल."

शनिवारी स्टाफरूममध्ये मला खिडकीजवळ बसवलं. शारदम्मा सुपरवायझर. त्यांनी माझी पर्ससुद्धा काढून घेतली. मी पेपर घेतला. मीच काढलेला, मीच लिहिलेला. पहिले तीन प्रश्न झाले. चौथ्या प्रश्नात दोन गाड्या एकमेकींकडे येत होत्या. मी त्या इतक्या हौसेनं पळवल्या होत्या की त्या कुठं भेटतात ते मला आठवेना. घामाघूम झाले. मध्येच शारदम्मा म्हणाल्या, "कुलकर्णी मिस, तोंडातल्या तोंडात पुटपुटू नका. हॉलमधल्या इतरांना त्रास होतो." हॉलमध्ये इतर कुणी नव्हतं.

वेळ संपली तेव्हा दोन प्रश्न राहिले होते. पेपर तपासला गणिताच्या बाईंनी. त्रेसष्ट मार्क पडले. पास झाले. पण दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरापुढे लाल शाईनं लिहिलेलं होतं, "अठरा काय? आंबे?"

माझ्या पेपरातलं ते वाक्य मुलींपर्यंत कसं पोचलं कोण जाणे. सोमवारी टेबलावर आंबा ठेवलेला होता. मी तो घरी नेला. गोड होता.

*

आता पद्माचं सांगते.

पद्मा चिकपेटेतली. कापडाच्या धंद्यातलं जुनं मराठी घराणं, अक्कांच्या ओळखीतलं. आईवडील लहानपणीच गेलेले, आजोबांनी वाढवलेली. वर्गात कधी बोलायची नाही. मान खाली घालून सगळं उतरवून घ्यायची. फिजिक्स तिला बेताचंच यायचं, पण समजलं नाही तर तास संपल्यावर एकटी येऊन विचारायची आणि समजेपर्यंत हलायची नाही. आमच्या शाळेतल्या बहुतेक मुली फिजिक्स संपण्याची वाट बघायच्या. ही एकटी पुढचा धडा कोणता ते विचारायची.

एस.एस.एल.सी.च्या, म्हणजे तिकडच्या मॅट्रिकच्या, आधी शाळेची एक परीक्षा असे. तिच्यात सगळ्या विषयांत पस्तीस मिळाले तरच मुलीला बोर्डाच्या परीक्षेला बसवत. नाही तर वर्ष पुन्हा करायचं. पद्मा बाकी सगळ्यात पास झाली आणि फिजिक्सात तिला चौतीस पडले.

मी मार्क लावले त्याच दुपारी शारदम्मा माझ्याजवळ येऊन बसल्या. चिकपेट-चामराजपेटेतली कुठलीही बातमी आधी त्यांच्याकडे यायची. "त्या पोरीचं बघा काही तरी," त्या म्हणाल्या. "कोलारचं स्थळ आलंय. आजोबांनी सांगितलंय म्हणे, पास झाली तर शिक, नापास झाली तर लग्न. एका मार्कावर तिचं आयुष्य आहे."

दुसऱ्या बाईही आल्या. हेडमिस्ट्रेससुद्धा जाता जाता म्हणाल्या, "मी काही सांगत नाही. पण चौतीस हा आकडा दिसायला वाईट दिसतो."

मी दोन दिवस नीट जेवले नाही. एकदा दिलेले मार्क बदलायचे नाहीत, हे मीच वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलेले. आणि इकडे ती खाली मान घालून धडे उतरवणारी मुलगी डोळ्यांपुढून जाईना. मी यांना विचारलं. हे म्हणाले, "पेपर पुन्हा तपास. तुझ्या तपासण्यात चूक नसेलच असं कुठाय?"

मी पेपर पुन्हा तपासला. भिंगाच्या प्रश्नात तिनं आकृती काढली होती. किरण बरोबर, प्रतिमा बरोबर जागी. फक्त किरणांना बाण नव्हते म्हणून मी तीनातले दोन दिले होते. आता वाटलं, आकृती तर अचूक आहे. बाणासाठी पूर्ण मार्क कापणं जरा कडकच. इतकी वर्षं मी एवढी कडक कशासाठी होते, असंही वाटलं. मी तिथं तीन केले. पस्तीस झाले. त्या संध्याकाळी घरी जाताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पद्माला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि पेपर तिच्या हातात दिला. "तुझी आकृती मी पुन्हा बघितली. पस्तीस झालेत तुझे. पास आहेस."

तिनं पेपर उलटा-सुलटा करून बघितला. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, आनंदानं रडणार.

"मिस," ती म्हणाली, "ही आकृती माझी नाही."

"म्हणजे?"

"शेजारच्या बाकावरची बघून काढली. हे तीनही काढून टाका."

स्टाफरूममध्ये सगळ्यांचे हात थांबले. शारदम्मांनी तिला कन्नडमध्ये दटावलं, वेडी का खुळी तू, काय बोलतेस कळतंय का. पद्मा हलली नाही.

मी तिला व्हरांड्यात घेऊन गेले. मराठीत म्हणाले, "पद्मा, नापास झालीस तर काय होईल, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक हाय, मिस."

"मग आता मी हे मार्क काढू?"

"काढा. कॉपीला मार्क नाहीत, असं तुम्हीच सांगितलंय की."

मी काढले. बत्तीस झाले. नापास. मी स्टाफरूममध्ये येऊन बसले तर कुणी माझ्याशी बोलेना. मला स्वतःलाही माझ्याशी बोलावंसं वाटत नव्हतं. एक मुलगी खरं बोलली आणि त्याची शिक्षा म्हणून मी तिला लग्नाला पाठवली, एवढंच मनात घोळत राहिलं.

निकालानंतर आठवड्याभरानं तिचे आजोबा स्टाफरूममध्ये आले. डोक्याला जरीचा रुमाल, अंगात लांब कोट, पायात करकरणारे जोडे. पद्मा त्यांच्या मागं उभी. मी खुर्ची दिली. मला वाटलं, आता पत्रिका देतील.

"टीचरम्मा," ते म्हणाले, "कोलारचं मोडलं."

"मोडलं? का?"

"त्यांना औंदा एस.एस.एल.सी. झालेली पोरगी पाहिजे होती. मुलगा हापिसर, त्याला शिकलेली पाहिजे. पास झाली की लगेच लगीन, असं बोलणं पक्कं झालं होतं आमचं. हिचा रिझल्ट कळला आणि त्यांनी होसकोटेची पोरगी ठरवली."

मी शारदम्मांकडे बघितलं. शारदम्मा एकाएकी खिडकीबाहेरच्या झाडात गुंतल्या होत्या.

"तुमच्यावर माझा राग न्हाई," आजोबा म्हणाले. "पोरीनं सांगितलं मला सगळं. तुम्ही मार्क वाढवून दिला, हिनंच परत केला. खरं बोलली म्हणून मारू कशी? पण मला एवढं कळत न्हाई, चिकपेटेत येवढी पिढ्यान्‌पिढ्या दुकानं चालवली आम्ही, हे असलं खरं बोलायला आमच्या घरात शिकवलं कुणी?"

मागं पद्मा जमिनीकडे बघत उभी होती.

आजोबांनी सुस्कारा सोडला. "सरी, ठीक हाय. झालं ते झालं. आता घरात बसवून तरी काय करू? पुन्हा त्याच क्लासात बसवायचं तर काय करावं लागतं, ते सांगा. हापिसात विचारायचं का हेडमिस्ट्रेसबाईंना?"

मी सांगणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अज्जा," पद्मा म्हणाली, "मी मागच्या म्हैन्यातच, परीक्षेच्या आदी विचारून ठेवलंय."